लेकीच्या वाट्याचे काय? सिल्लोड तालुक्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सिल्लोड तालुक्यातील सर्व ग्रामसभांचे सन्माननीय सदस्य, सरपंच आणि गावोगावचे आई-वडील,



दरवर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत तोच मथळा असतो: यंदाही मुलींचीच बाजी. सिल्लोड, अजिंठा, शिवना, भराडी, घाटनांद्रा, कुठेही जा, त्या दिवशी पेढे वाटणाऱ्या घरांत मुलींची घरे कमी नसतात. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने टक्के सांगतो. आता मुलगा-मुलगी असा भेद राहिलेला नाही, असेही सांगतो, आणि ते अगदी मनापासून सांगतो.

मग त्याच मुलींतल्या कितीतरी जणी पुढच्या दोन-तीन वर्षांत शिक्षणातून गळून कुठे जातात, हा विषय ग्रामसभेत निघत नाही. रस्ता निघतो, नळयोजना निघते, घरकुलाच्या यादीवरून आवाज चढतात. मुली कशा वाढतात हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, असे गृहीत धरलेले असते. या पत्राचा आग्रह एवढाच आहे की तो साऱ्या गावाचा प्रश्न आहे आणि गावाने तो हाती घ्यावा.

गेल्या तीसेक वर्षांत सरकारी तिजोरीतून मुलींसाठी जे यायचे होते, त्यातले बरेचसे आले. खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि इतर मागास कुटुंबांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या किंवा केशरी कार्डाच्या घरात जन्मलेल्या मुलीला 'लेक लाडकी' योजनेत टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये मिळणार आहेत, त्यातले ७५ हजार ती अठरा वर्षांची झाल्यावर. ही शेवटची रक्कम कशाला उपयोगी पडेल, असे पारावर बसलेल्यांना विचारून पाहा. बहुतेकांच्या तोंडून 'लग्नाला' हेच निघेल. पैसा सरकारने शिक्षणासाठी ठेवला, घराने तो मनातल्या मनात मांडवाच्या खर्चात धरून टाकला.

सरकारने द्यायचे ते असे येत गेले. घराने आपल्या पदरचे द्यायचे होते, ते मात्र अडून राहिले आहे. मुलीचा स्वतःचा वेळ घरालाच द्यावा लागतो, तिच्या येण्या-जाण्यावरचा विश्वास घरालाच दाखवावा लागतो आणि शेतातला तिचा वाटाही घराच्याच हातून सुटायचा असतो. तिथे जुन्या चालीरीती अजून पाय रोवून उभ्या आहेत.

वेळेपासून सुरुवात करू. सिल्लोडचे शिवार कापूस, मका आणि मिरचीचे. उन्हाळ्यात ठिबकवर लावलेल्या मिरचीचा तोडा पावसाळ्यात सुरू होतो, दसऱ्यानंतर कापसाच्या वेचणीला जोर येतो, मधे मका सोंगायचा असतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा वेळी शाळेच्या हजेरीपटावरून आधी मुलीचे नाव गळते. कंबरेला बांधलेल्या ओटीत कापूस टाकत ती आईच्या शेजारच्या सरीतून पुढे सरकत असते, वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचत असतात. मिरचीचा तोडा असेल तर संध्याकाळी बोटांची आग होते. तेल लावा, ताकात हात बुडवा, आग रात्रभर धुमसत राहते. चुकून त्याच हाताने डोळा चोळला तर विचारायलाच नको. दुसऱ्या दिवशी त्याच बोटांत पेन धरायचा असतो.

भाऊही राबतो, हे खरे आहे. रात्रीची लाइट असली की तोच मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जातो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो. त्याचे कष्ट कमी लेखण्याचे कारण नाही. फरक पडतो तो घरी परतल्यावर. तो हातपाय धुऊन मोबाइल घेऊन ओट्यावर बसतो, ती पीठ मळायला घेते. त्याचे काम शेतात संपते, तिचे उंबऱ्याच्या आत पुन्हा सुरू होते, आणि सहावी-सातवीपासूनच हे दोघांच्या इतके अंगवळणी पडते की त्यात काही वावगे आहे असे त्या दोघांनाही वाटत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. त्यातही घरकाम करणारे पुरुष मोजके: दर चार पुरुषांतल्या जवळजवळ तिघांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावलेला नव्हता. सहा वर्षांपुढच्या सगळ्यांची ही मोजदाद आहे. म्हणजे चुलीपुढची मुलगी आणि ओट्यावरचा मुलगा, दोघेही तिच्यात आले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक गोष्ट केली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी आड यायचे नाही. करोनात मोबाइलची सवय लागलेल्या मुलांसाठी काढलेला हा साधा उपाय साऱ्या महाराष्ट्रात गाजला. सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या गावाने तो जरूर उचलावा, फक्त एक भर घालून. सात वाजता खेड्यातल्या घरात भाकरी थापली जात असते आणि ती थापायला मुलगी बसलेली असते. भोंगा वाजल्यावर टीव्ही बंद होईल, तवा बंद होणार नाही. म्हणून ठरावात हेही लिहावे लागेल की त्या दीड तासात घरातले कोणतेही काम शिकणाऱ्या मुलीला सांगायचे नाही. मग भाकरी कोण करणार? आई दिवसभर वेचणी करून आलेली असते. उरतात बाप आणि मोठा भाऊ. भाजी निवडणे, पाणी भरणे, ताटे घेणे, भांडी घासणे, यातले कोणते काम त्यांच्या हातांना जमणार नाही?

'बालभारती'ने हा प्रश्न २०१९ मध्येच पुस्तकात आणला. दुसरीच्या नव्या पाठ्यपुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, कपड्यांना इस्त्री करणारा पुरुष दाखवला, डॉक्टर बाई दाखवली. तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली, कौतुकही झाले. ते पुस्तक हातात घेऊन शिकलेली मुले आज हायस्कूलच्या वयाची आहेत. चित्रातला बाबा त्यांनी पाहिला आहे. घरातला बाबा तसा दिसला नाही, तर चित्र खोटे आणि घर खरे, असेच ती समजणार.

संध्याकाळचा वेळ मिळाला तर मुलगी काय करू शकते याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. धाराशिवची सारिका काळे. घरची परिस्थिती अतिशय ओढगस्तीची, पण ती खो-खो खेळत राहिली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला ना महागडे साहित्य लागते, ना मोठे स्टेडियम. दोन खांब, आखलेले मैदान आणि रोजची संध्याकाळ एवढे पुरते. तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेपुढे तेवढी जागा आहे. संध्याकाळी तिथे कोण खेळताना दिसते, हे प्रत्येक गावाने आपल्या गावापुरते पाहावे.

आता रस्ता. अकरावी-बारावी सगळ्या गावांत नसते, कॉलेज तर नसतेच. वाडी-वस्तीवरची मुलगी फाट्यावर येते, तिथून एसटी किंवा काळी-पिवळी पकडते. बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण बस वेळेवर आली तरच त्याला अर्थ. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप जवळजवळ सहा महिने चालला. मुलगे मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून कॉलेजला गेले. मुलींना तशी मुभा नव्हती. मराठवाड्यातल्या कितीतरी मुलींचे शिक्षण करोनात सुटले होते, संपात सुटले ते पुन्हा जोडले गेले नाही. आणि बस वेळेवर असली तरी फाट्यावर टवाळ पोरे उभी असतात. कुणी मागे लागले, कुणी फोटो काढला, की मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर पुढे काय होते ते तिला पक्के ठाऊक असते. पोराच्या बापाच्या दारात कुणी जात नाही. मुलीचेच कॉलेज बंद होते. 'उगाच नाव होईल' हे त्याला कारण. चूक एकाची आणि शिक्षा दुसरीला, असा न्याय गावाने दुसऱ्या कुठल्याही बाबतीत चालवून घेतला नसता.

मुलगी कॉलेजातून घरी बसली की स्थळे यायला वेळ लागत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधी झालेली आढळली. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर होते. आई-बापांना दोषी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्यांची भीती खरी असते: वय वाढले की हुंडा वाढतो, जास्त शिकली की तिच्याहून जास्त शिकलेला मुलगा शोधावा लागतो, एखादे वर्ष दुष्काळाचे गेले तर पुढच्या वर्षी लग्न जमेल याची खात्री नाही. मुलीचे हात पिवळे झाले की डोक्यावरचे ओझे उतरले, हे बापाचे म्हणणे प्रेमाच्या अभावातून आलेले नसते. पण त्या घाईची किंमत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी फेडते, पुढे तिचे अशक्त बाळ फेडते.

या घाईला आता एक नवे कारण मिळाले आहे, आणि ते आपणच तयार केलेले आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात फक्त ८५८. त्या बाळांतली थोरली आज कॉलेजच्या आणि लग्नाच्या वयाची झाली आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज गावागावातली ओरड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांचा मान वाढेल, असे काहींना वाटत होते. प्रत्यक्षात आहेत त्या मुलींना लवकर मागणी येऊ लागली. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेने 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे दिली. त्या मुली निदान जन्माला तरी आल्या होत्या.

बालविवाह गावाला न कळता होत नाही. मंडपवाल्याला कळते, आचाऱ्याला कळते, लग्न लावणाऱ्याला कळते, जेवायला तर सगळेच जातात. कायद्याने ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. ग्राम बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. यंत्रणा आहे, अडते ते वाईटपणा कुणी घ्यायचा इथे. एकट्या ग्रामसेवकाने घेतला तर त्याची बदली मागितली जाते, एकट्या अंगणवाडीताईने घेतला तर तिचे गावात राहणे कठीण होते. ग्रामसभेचा ठराव असेल तर तो वाईटपणा कुणा एकाचा उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने हे करून दाखवले आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, असा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. पिढ्यान्पिढ्यांची रूढी एका गावाने हात वर करून मोडायला घेतली.

आणि जमीन. लेकीला वाढवताना तिला काय शिकवले, याची खरी परीक्षा बाप गेल्यावर होते. दिवस-कार्य उरकते, तलाठ्याकडे वारसनोंद होते, तिच्यात बहिणींची नावे लागतात, आणि मग काही महिन्यांत भावाचा फोन येतो: एकदा तालुक्याला येऊन जा, सही लागते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बहिणी शेजारी शेजारी बसतात, फोटो निघतो, अंगठा मशीनवर टेकतो, हक्कसोडपत्र होते. परतताना भाऊ साडी घेतो, जेवू घालतो. या सगळ्यात जबरदस्ती कुठे दिसत नाही. सही दिली नाही तर माहेर तुटेल, दिवाळीला कुणी न्यायला येणार नाही, सासरी काही झाले तर परतायला दार उरणार नाही, ही भीती तिच्या मनात लहानपणापासून मुरलेली असते. 'परक्याचे धन' म्हणत वाढवलेली मुलगी या घरातले काही आपले म्हणून मागायला धजत नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाच्या अकरा वर्षे आधी, हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. मुस्लिम घरांत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण धर्माने ठरवून दिलेला आहे. तोही बहुधा भावाकडेच राहतो. पुष्कळ भाऊ म्हणतील, हुंडा दिला, लग्न लावून दिले, त्यातच तिचा वाटा आला. हा हिशेब चुकीचा आहे. हुंडा सासरच्या हातात पडला, मांडव लोक जेवून गेले. तिच्या नावावर काय झाले?

हे आपल्या भागात जमणार नाही, असे कुणी म्हणू नये. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि पुढे शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनात हजारो शेतकऱ्यांनी आपल्या हयातीतच बायकोच्या नावे जमीन करून दिली. तेही आपल्यासारखे शेतकरीच होते. आपल्याच जिल्ह्यातल्या बकापूरने घरे बायकांच्या नावे केली, लातूर जिल्ह्यातल्या आनंदवाडीत घरांवर बायकांच्या नावाच्या पाट्या आहेत.

सरकारने मुलींसाठी फारसे काही केलेले नव्हते त्या काळातले एक घर इथे आठवते. शेजारच्या बुलढाण्यात बापूजी हरी शिंदे नावाचे कारकून होते, सत्यशोधक विचारांचे. त्यांनी आपल्या मुलीला घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले, तिला वाचू दिले, बोलू दिले. लग्नानंतरही ती याच घरी राहिली, जावई घरी आला. त्या मुलीने, ताराबाई शिंदे यांनी, १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला. साऱ्या दोषांचे खापर बाईच्याच माथी का फोडता, असे तिने भर समाजाला विचारले. समाजाने तिच्यावर आग पाखडली, ज्योतिराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. ती धिटाई एका दिवसात आलेली नव्हती. घरात तिचे बोलणे ऐकून घेणारा बाप होता. अजिंठ्याच्या याच डोंगराळ मुलखात, दीडशे वर्षांपूर्वी, योजना आणि अनुदान काहीही नसताना एका कारकुनाला हे जमले.

तर ग्रामसभेला विनंती अशी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मुलींचे संगोपन हा विषय घ्या आणि त्यावर नुसती भाषणे करू नका. दहावी झालेल्या गावातल्या मुली आज कुठे आहेत, याची यादी शाळेकडून आणि अंगणवाडीताईकडून मागवून सभेत वाचा. संध्याकाळच्या अभ्यासाचा आणि खेळाचा वेळ ठरावात घाला, आणि त्या वेळेतली घरकामे बाप-भावांनी उचलायची हेही त्यातच लिहा. फाट्यावर त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन बोलायला चार वडीलधाऱ्यांची आणि चार बायांची समिती नेमा. अठराच्या आतल्या मुलीच्या लग्नाला गावातला मंडप, आचारी, वाजंत्री मिळणार नाही, असे ठरवा. जमिनीचे सरपंचांपासून सुरू करा: त्यांनी आणि सदस्यांनी आपल्या हयातीत, आपल्या हाताने, लेकीचा वाटा लेकीच्या नावे करावा. गाव भाषणांवर विश्वास ठेवणार नाही, सातबाऱ्यावर ठेवील.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच होते. सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते. ती खरोखर भरवा. वेचणीच्या दिवसांत दुपारी घेतली तर कुणीही येणार नाही, म्हणून रात्री जेवणानंतर घ्या, शाळेच्या पडवीत, आणि आठवीपुढच्या मुलींनाही बोलवा. त्यांना मत नाही, पण ठराव त्यांच्याबद्दलचा आहे. त्यांनी जे सांगितले ते ग्रामसेवकांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत पहिल्या विषयाआधी वाचावे.